डेव्हनचं मातीच्या भिंतींचं, गवती छपराचं जुनं शेतघर कसं पारखायचं: जोत्यापासून आढ्यापर्यंत

नैऋत्य इंग्लंडमधल्या डेव्हन काउंटीत, म्हणजे एक्झिटर, क्रेडिटन, टिव्हर्टन या पट्ट्यात, रस्त्याच्या कडेला जाड भिंतींची, गोलसर कोपऱ्यांची, गवती छपराची पांढरी नाहीतर फिकट पिवळी-गुलाबी घरं दिसतात. बहुतेक लोक गाडी थांबवून फोटो काढतात, "काय मस्त आहे" म्हणतात आणि क्रीम टी शोधायला निघून जातात. हरकत नाही. पण आपल्यातले बरेच जण आता ब्रिस्टल-एक्झिटर साइडला राहतात, सुट्टीत असली फार्महाउसेस भाड्याने घेतात, एखादा तर विकत घ्यायचंही मनावर घेतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

या घरांच्या भिंती कॉबच्या असतात. कॉब म्हणजे शेताची वरची सुपीक माती नव्हे, तिच्या खालची चिकणमातीवाली माती, त्यात पेंढा आणि पाणी, बस. विटा नाहीत, साचा नाही, सिमेंटचा पत्ता नाही. आणि तरी यातली कित्येक घरं चारशे-पाचशे वर्षं उभी आहेत. माझं म्हणणं असं की असं घर समजून घ्यायला दोनच प्रश्न पुरतात: पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, आणि पूर्वी धूर कुठून जायचा. घराचं बाहेरचं रूप पाण्याने ठरवलंय आणि आतलं धुराने. हे दोन धागे धरून बघत गेलात तर आर्किटेक्टची डिग्री लागत नाही.

जायच्या आधी: लॅपटॉपवरचं काम

नॅशनल हेरिटेज लिस्ट फॉर इंग्लंड ही जपायच्या जुन्या इमारतींची अधिकृत यादी फुकट ऑनलाइन आहे. गावाचं नाव टाका, घर शोधा. डेव्हनमधल्या बऱ्याच नोंदी १९८० च्या दशकात नव्याने केलेल्या आहेत आणि खूप ठिकाणी नोंद करणारी माणसं घरात जाऊन, माळ्यावर चढून लिहून आलीत, त्यामुळे माहिती चांगली मिळते. भाषा रुक्ष असते पण त्यातले दोन-तीन शब्दप्रयोग ओळखीचे झाले की काम होतं: 'कॉब ऑन रबल फूटिंग्ज' म्हणजे दगडी जोत्यावर मातीची भिंत, 'थ्री रूम अँड थ्रू पॅसेज प्लॅन' म्हणजे तीन खोल्या आणि आरपार बोळ. ग्रेड एकूण तीन आहेत: एक (सगळ्यात वरचा), दोन-स्टार आणि दोन. नव्वद टक्क्यांहून जास्त इमारती ग्रेड दोनमध्येच आहेत, त्यामुळे 'फक्त ग्रेड टू आहे' असं एजंट म्हणाला तर हलक्यात घेऊ नका. आणि लिस्टिंग फक्त दर्शनी भागाचं असतं हा जो समज आहे तो साफ चूक, आतली फळ्यांची भिंत, जिना, चूल सगळं त्यात येतं.

दुसरं, टाइद मॅप, म्हणजे चर्चला द्यायच्या टाइद या शेतसाऱ्यासाठी केलेले नकाशे. १८३६ च्या कायद्यानंतर, साधारण १८४० च्या आसपास, गावोगावचे हे नकाशे झाले आणि डेव्हनचे ऑनलाइन बघता येतात. घराचा आकार तेव्हा कसा होता, गोठा कुठे होता, मागची बाजू नंतर वाढवली का, हे पाच मिनिटांत कळतं.

जाताना चांगला टॉर्च, टेप आणि मोबाईल घ्या. आणि जमलं तर पाऊस पडत असताना जा. डेव्हनमध्ये त्यासाठी फार वाट बघावी लागत नाही.

पायरी १: घर उतारावर कसं बसलंय ते बघा

दाराशी जायची घाई करू नका, आधी लांबून बघा. जुनं शेतघर लांबट असतं, रुंदीला एक खोली आणि लांबीला तीन, आणि बऱ्याचदा उताराच्या दिशेने बसवलेलं असतं, एक टोक वर, एक खाली. यामागे साधं कारण आहे. ज्या घरांत माणसं आणि गुरं एकाच छपराखाली राहायची, ज्यांना लाँगहाउस म्हणतात, तिथे गोठा खालच्या टोकाला, म्हणजे शेण-मूत खालीच वाहून जाणार. गोठ्याला तिकडे शिपन म्हणतात. डार्टमूरच्या आसपास हा प्रकार जास्त, पण तिथल्या भिंती ग्रॅनाइटच्या. खाली मातीच्या मुलखात बहुतेक ठिकाणी गुरं वेगळी बांधलेली, आराखडा मात्र तसाच.

वरच्या टोकाला डोंगराची माती भिंतीला टेकलेली असते, तिथे ओल असणारच. ते टोक मनात खूण करून ठेवा, आत गेल्यावर तीच भिंत आधी बघायची आहे.

पायरी २: जोतं

डेव्हनमध्ये जुनी म्हण आहे की कॉबला चांगली टोपी आणि चांगले बूट एवढंच लागतं. टोपी म्हणजे छप्पर, बूट म्हणजे दगडी जोतं. जोतं साधारण फूट-दोन फूट उंच असतं, उतारावर खालच्या बाजूला त्याहून बरंच जास्त. याचं काम म्हणजे छपरावरून पडणाऱ्या पागोळ्यांचं पाणी जमिनीवर आपटून जे शिंतोडे उडतात ते मातीपर्यंत पोचू द्यायचे नाहीत. या घरांना पन्हाळ नसते, गवती छपराला ती नीट बसतही नाही, त्यामुळे वळचण भरपूर बाहेर काढलेली असते.

आता बघायचं काय? जोतं दिसतंय का. बस, हाच प्रश्न. खूप घरांत शंभर वर्षांत बाहेरची जमीन वर आलेली असते, कुणी फुलझाडांचे वाफे केले, कुणी पॅटिओ टाकला, कौन्सिलने रस्त्यावर डांबराचे थर चढवले, आणि जोतं गायब. बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा वर असेल तर ती भिंत रोज पाणी पितेय असं समजा. यावर इंजेक्शनने केमिकल भरायचा उपाय कुणी सुचवला तर त्याला नमस्कार करा. आधी माती उकरून जमीन खाली घ्यायची, पाण्याला वाट काढून द्यायची, निम्मा प्रॉब्लेम तिथेच संपतो.

आतल्या जमिनीचंही विचारा. पूर्वी दगडी फरशी किंवा नुसती चोपलेली जमीन असायची आणि ती थोडी थोडी ओल वर सोडायची. १९६०-७० नंतर बऱ्याच ठिकाणी खाली प्लास्टिक घालून काँक्रीट ओतलं, मग ती ओल जाणार कुठे, बाजूच्या भिंतीत.

पायरी ३: भिंत, आणि ती बघायची तर आधी धान्याचं कोठार गाठा

घराची भिंत गिलाव्याखाली झाकलेली असते. कॉब उघडा बघायचा तर शेजारचं बार्न किंवा कुंपणाची भिंत बघा, तिथे बहुधा गिलावा नसतो. जवळ जाऊन तिरक्या उजेडात बघितलं की आडव्या पुसट रेघा दिसतात, साधारण दीड-दोन फुटांवर एकेक. हे थर, त्यांना लिफ्ट म्हणतात. पेंढ्याची टोकं बाहेर आलेली दिसतात, मधे शेल या पापुद्र्याच्या खडकाचे बारीक तुकडे, गोटे, कधी कोळशाचा कण. क्रेडिटनकडे माती लालभडक, कारण खाली लाल वालुकाश्माचा खडक आहे, आणि उत्तर-मध्य डेव्हनकडे सरकलात की ती पिवळट-तपकिरी होते. गावाची माती गावाच्या भिंतीत, लांबून वाहून आणायचा प्रश्नच नव्हता.

बांधायची पद्धत अशी: माती जमिनीवर पसरायची, पाणी मारायचं, पेंढा टाकायचा आणि माणसांनी नाहीतर बैलांनी तुडवायचं. पेंढा वजनाच्या मानाने अगदी कमी, दीड-दोन टक्के, पण भिंत वाळताना जे आकुंचन होतं ते तो सगळीकडे वाटून देतो, एकच मोठी भेग पडू देत नाही. मग काट्याने उचलून जोत्यावर थापायची, वर उभं राहून तुडवायची, थर झाला की दोनेक आठवडे वाळू द्यायचा, बाजू धारदार फावड्याने तासायच्या, मग पुढचा थर. हवा वाईट असेल तर अजून थांबायचं. काम वसंतापासून उन्हाळा संपेपर्यंतच, थंडीत बंद, त्यामुळे दुमजली घर एका सीझनमध्ये उरकलं नाही तर कुणाला आश्चर्य वाटायचं नाही. भिंतीची जाडी दोन ते तीन फूट. खिडक्यांच्या वरच्या ओकच्या तुळया थर चढवतानाच आत बसवायच्या, आणि कित्येकदा खालची खिडकी नंतर, भिंत वाळल्यावर कापून काढायची!

कोपरे गोल का, तर मातीचा टोकदार कोपरा टिकत नाही, आणि तिथेच भेगा पडतात. खिडक्या लहान आणि मोजक्या का, तर प्रत्येक भोक म्हणजे भिंतीचा कमकुवतपणा. हे सगळं आज आपल्याला देखणं वाटतं.

पायरी ४: गिलावा, इथेच घरं मरतात

हा भाग लक्ष देऊन वाचा, कारण पैसे इथेच बुडतात. कॉबची भिंत ओल घेते आणि सोडते, हा तिचा स्वभाव आहे. म्हणून तिला चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याची सफेदी, त्यातच गेरू वगैरे रंग मिसळलेला. विसाव्या शतकात लोकांनी मेन्टेनन्स वाचवायचा म्हणून सिमेंटचा गिलावा मारला, त्यावर प्लास्टिकसारखे रंग फासले. सिमेंट कडक, माती मऊ, दोघांची हालचाल वेगळी, मग केसासारखी चीर पडते, त्यातून पावसाचं पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नाही. ते खाली उतरत जातं, तळाशी साठतं, आणि बाहेरून भिंत एकदम कडक छान दिसत असताना आतली माती पुन्हा चिखल व्हायला लागते. अशी भिंत एखाद्या ओल्या हिवाळ्यात एकाएकी बसते, आधी फार सूचना देत नाही.

तपासायचं कसं, तर बोटाच्या सांध्याने भिंतीवर खालून वर टकटक करत जा. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर गिलावा सुटलाय. खालच्या तीन फुटांत फुगवटा, लोणा, हिरवी शेवाळ, ताजा रंग (विक्रीच्या आधी मारलेला ताजा रंग तर विशेषच) हे नीट बघा. सर्व्हेअरने हातातलं छोटं इलेक्ट्रिक मॉइश्चर मीटर टोचून 'ओल आहे, डॅम्प प्रूफिंग करा' लिहिलं तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नका, ती मीटरं लाकडासाठी कॅलिब्रेट केलेली असतात आणि भिंतीतल्या क्षारांनी फसतात. खरी ओल कळायला भिंतीत खोलवरून मातीचा नमुना काढून, वजन करून, वाळवून परत वजन करावं लागतं.

सिमेंट काढायचं ठरलं तरी ब्रेकर लावून धडाधडा काढायचं नाही. आधी आतली ओल किती आहे ते बघायचं, कारण ओली भिंत कधी कधी त्या सिमेंटच्या टरफलामुळेच उभी असते. मग इंजिनिअरच्या सल्ल्याने टेकू देऊन, कोरड्या सीझनमध्ये, थोडं थोडं. नंतर महिनोन् महिने वाळू द्यायची. घाई करणारा बिल्डर भेटला तर दुसरा शोधा.

भिंतीत भोकं दिसली तर घाबरू नका. बारीक भोकं बहुधा मातीत घर करणाऱ्या एकांड्या मधमाश्यांची असतात. उंदरांची मात्र वेगळी गोष्ट, ते तळाशी बोगदे काढतात आणि भिंत पोखरतात.

पायरी ५: टोपी

कोकणात केंबळी घरं दर पावसाळ्याआधी शाकारायची पद्धत होती, तो हिशोब डोक्यात असेल तर इथलं गणित वेगळं आहे. डेव्हनची खास पद्धत म्हणजे कोम्ब्ड व्हीट रीड. नाव रीड असलं तरी ते गव्हाचं काड आहे, मळताना न चेपता, विंचरून सरळ ठेवलेलं. त्यासाठी उंच वाढणाऱ्या जुन्या जातीचे गहू अजून मुद्दाम पेरतात, कारण कम्बाइन हार्वेस्टरसाठीचा बुटका गहू इथे उपयोगाचा नाही. काडाची बुडखी बाहेर ठेवून थर लावतात, हेझलच्या वाकवलेल्या काड्यांनी खालच्या जुन्या थरात टोचतात. वरचा थर फूटभर जाड, पाख्याचा उतार पंचेचाळीस ते पन्नास अंश, त्याहून सपाट असेल तर पाणी मुरतं. असं छप्पर साधारण पंचवीस ते पस्तीस वर्षं जातं, आढ्याची टोपण मात्र दहा-पंधरा वर्षांनी बदलावी लागते.

खालून बघताना तीन गोष्टी. एक, पृष्ठभागावर उभ्या चरांसारखे खड्डे पडलेत का. दोन, त्या टोचलेल्या काड्या उघड्या पडल्यात का. पडल्या असतील तर थर झिजत आलाय, थॅचरला, म्हणजे गवती छप्पर शाकारणाऱ्या कारागिराला, बोलवायची वेळ झाली. तीन, आढं. डेव्हनचं जुनं आढं साधं, पाख्याला लागूनच वळवलेलं असतं, ते नक्षीदार कापलेलं उठावाचं आढं बऱ्याच ठिकाणी अलीकडचं आहे. शेवाळ दिसली म्हणून मात्र छप्पर वाईट असं लगेच नाही.

पायरी ६: आत शिरा, पण बोळातच थांबा

समोरच्या दारातून आत गेलात की सरळ मागच्या दारापर्यंत बोळ जातो. या बोळाच्या वरच्या बाजूला हॉल, त्याच्या पलीकडे आतली खोली, आणि खालच्या बाजूला कामाची खोली, म्हणजे कोठी, दूधदुभतं, नाहीतर गोठा. हॉल म्हणजे आपल्या फ्लॅटमधला हॉल नव्हे, तेव्हा अख्खं घर तिथेच जेवायचं, बसायचं आणि शेकायचं. बोळ आणि हॉल यांच्यात जाड-पातळ ओकच्या फळ्या आलटून पालटून बसवलेली भिंत दिसली तर थांबा, तिचं खालचं टोक, दाराची चौकट, तुळईच्या कडेचा तासलेला उतार आणि तो जिथे संपतो तिथली छोटी नक्षी, हे सगळं टॉर्च तिरका धरून बघा. काळ ठरवायला असल्या बारीकसारीक खुणा फार कामाच्या असतात.

बाहेरून एक नामी नमुना बघायचा तर ईस्ट बडलीजवळ हेज बार्टन आहे, कॉब आणि गवती छपराचं ग्रेड एक घर. प्रसिद्ध दर्यावर्दी सर वॉल्टर रॅले १५५० च्या दशकात इथे जन्मला. त्याचा बाप तिथे कुळ होता, मालक नव्हे, आणि पुढे पहिल्या एलिझाबेथ राणीच्या मर्जीतला बडा माणूस झाल्यावर रॅलेने १५८४ मध्ये पत्र लिहून हे घर विकत मागितलं, पण मिळालं नाही. मधे पोर्च आणि दोन्ही टोकांना पुढे आलेले भाग असा त्याचा इंग्रजी ई सारखा दर्शनी भाग आहे. खाजगी घर आहे, रस्त्यावरूनच बघा.

पायरी ७: माळा, म्हणजे धुराचा पुरावा

परवानगी मिळाली तर माळ्यावर चढाच. मध्ययुगात या घरांना धुरांडं नव्हतं. हॉल जमिनीपासून आढ्यापर्यंत उघडा, मधोमध जमिनीवर जाळ, आणि धूर वर जाऊन गवतातून झिरपत बाहेर. शेकडो वर्षं हे चाललं, त्यामुळे कैच्या, वासे आणि गवताचा सगळ्यात खालचा थर काजळीने काळाकुट्ट होऊन बसला. नंतर छप्पर शाकारताना वरचंच काढायचे, खालचा थर तसाच राहायचा, म्हणून काही घरांत ते मूळ काळं गवत आजही जागेवर आहे. इंग्लंडमधली अशी बहुतांश छपरं डेव्हनमध्ये आहेत. त्यात गव्हाच्या आणि राय या धान्याच्या तेव्हाच्या जाती आहेत, शेतातलं तणसुद्धा आहे, संशोधकांनी ते अभ्यासलंय. तिथे हात लावायचा नाही, उपटून सुव्हेनिअर न्यायचं तर नाहीच.

नुसता धुळीचा काळेपणा आणि काजळी यात फरक कसा करायचा, तर काजळी सगळीकडून सारखी असते, सांध्यांच्या कडेपर्यंत आणि वाशाच्या मागच्या बाजूलाही, आणि चमकते. एका खोलीवरचे वासे काळे आणि शेजारचे स्वच्छ असतील तर मधली भिंत केव्हाची, हॉल कुठपर्यंत होता, हे तिथेच कळतं. कैचीही बघा. इथली खासियत म्हणजे दोन लाकडं खांद्यापाशी जोडून केलेली कैची, जॉइंटेड क्रक, एक लाकूड भिंतीत उभं आणि दुसरं पाख्याबरोबर वर जाणारं, सांध्यात लाकडी खुंट्या. भिंत थापतानाच तो खांब तिच्यात घेतलेला असतो.

हे उघडं हॉल आणि काळं गवत प्रत्यक्ष बघायचं असेल तर डार्टमूरवर पाउंड्सगेटजवळ हायर अपाकॉट हे जुनं लाँगहाउस आहे, आत जाता येतं का ते आधी विचारून घ्या. भिंती दगडाच्या, पण धुराची गोष्ट तीच.

पायरी ८: धुरांडं आलं आणि घर बदललं

सोळाव्या-सतराव्या शतकात हळूहळू दगडी धुरांडी आली. धूर बंदिस्त झाल्यावर हॉलवर मजला टाकता आला, वर झोपायच्या खोल्या झाल्या, धुरांड्याला चिकटून वळणाचा जिना आला. म्हणून हॉलमधल्या आडव्या तुळया कैच्यांपेक्षा बऱ्याचदा नंतरच्या असतात, दोघांचं वय एक धरू नका. काही घरांत धुरांडं समोरच्या भिंतीवरच, रस्त्यावरून दिसेल असं. पैसा आलाय हे गावाला दाखवायचंच होतं की. चुलीत डोकं घालून बाजूला बघा: मातीचा भाजलेला अख्खा ओव्हन बसवलेला दिसेल, क्लोम ओव्हन, हे उत्तर डेव्हनच्या कुंभारांचं काम. कधी कधी शेजारी डुकराचं मांस धुरवायची छोटी खोलीही असते.

एकोणिसाव्या शतकात रेल्वेने स्वस्त विटा आणि स्लेट आणली आणि कॉब मागे पडला. आर्किटेक्ट अर्नेस्ट गिमसनने १९१० मध्ये बडली सॉल्टर्टनला कॉक्सन हे घर मुद्दाम कॉबचं बांधलं, पण तोवर ते हौसेचं काम झालं होतं.

पायरी ९: घ्यायचंच असेल तर

भेगा बघा. उभी भेग कोपऱ्यापाशी असेल तर जुनी की चालू ते ठरवायचं, आत कोळिष्टकं आणि रंग गेला असेल तर बहुधा जुनी. दुरुस्ती मातीनेच, त्याच जातीच्या, कॉबच्या सुकवलेल्या ठोकळ्यांनी. सिमेंटने भेग भरणं म्हणजे पैसे देऊन नवीन दुखणं घेणं. आतून फोमचं इन्सुलेशन लावू नका, ओल अडकते. नुसता कॉब आजच्या इन्सुलेशनच्या नियमात बसत नाही हे खरं आहे, नव्या बांधकामासाठी प्लिमथ युनिव्हर्सिटीने नॉर्मंडीतल्या लोकांबरोबर कॉबबोज नावाचा दोन थरांचा कॉब त्यासाठीच बनवला, पण जुन्या घराला तो उपाय नाही.

लाकडाच्या बंदिस्त शेगडीबद्दल फार चौकशी करा. गवती छपराच्या आगी बऱ्याचदा धुरांड्याशी निगडित असतात, उडालेली ठिणगी असो की तडकलेलं धुरांडं. धुरांडं आतून तपासलंय का, धुरांडं साफ करणारा स्वीप दरवर्षी येतो का, गवत धुरांड्याभोवती किती जाड झालंय, हे विमा कंपनीही विचारतेच.

कुठलंही काम करायच्या आधी लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट, म्हणजे यादीतल्या इमारतीत बदल करायची परवानगी, लागतो का ते कौन्सिलच्या कॉन्झर्वेशन ऑफिसरला विचारा, विनापरवाना बदल हा गुन्हा आहे आणि आधीच्या मालकाने केलेलं बेकायदा काम दुरुस्त करायची नोटीस नव्या मालकाला येऊ शकते. म्हणून जुने कन्सेंट वकिलाकडून मागून घ्या. माहितीसाठी डेव्हन अर्थ बिल्डिंग असोसिएशनची पत्रकं आणि १८७७ मध्ये कवी-डिझायनर विल्यम मॉरिसने काढलेल्या स्पॅब या जुन्या इमारती जपणाऱ्या संस्थेचा सल्ला, दोन्ही चांगलं. सर्व्हेअर निवडताना फी नंतर विचारा, आधी विचारा की तुम्ही या वर्षात किती कॉबची घरं बघितलीत, आणि उत्तर गुळमुळीत आलं तर दुसऱ्याला फोन लावा.